नानांचा चौथा पितर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या शिरपुरात घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, निखाऱ्यावर घास टाकतात. शेजारचे नाना आजोबांना, वडिलांना आणि थोरल्या भावाला घास टाकून झाले की चौथा टाकतात एका परदेशी धावपटूला. सात समुद्रांपलीकडच्या माणसाला इथली पुरणपोळी कशी पोचायची, असं नानांच्या पत्नी, आमच्या काकू, हयात असताना दरवर्षी विचारायच्या. नानांचं उत्तर ठरलेलं, "पयनारा माणूस शे. ई जाई टायमावर!"

नाना निवृत्त पी.टी. सर. गळ्यात अजून स्टॉपवॉच असतं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, बायकांच्या आरत्या, सगळ्यांचं टायमिंग ते घेतात. माझ्या लग्नात अक्षता पडताच गुरुजींना म्हणाले, "दोन मिनिटं लेट!"

धावपटूचा फोटो जुन्या मासिकातून कापलेला, देव्हाऱ्याशेजारी हार घालून टांगलेला. त्याच्या देशात काळ्या माणसाने गोऱ्यांच्या शर्यतीत उतरायचं नाही, असा दंडक. हा उतरला, पहिला आला आणि त्याच संध्याकाळी हॉटेलवाल्याने त्याला दारातूनच परत पाठवलं. हे सांगताना नानांचा आवाज चढतो. "पहिला उना भो, तरी बाहेर!"

यंदा आखाजीला मी सहज मोबाईलवर त्याचं नाव शोधलं. नानांच्या उच्चारामुळे पाचव्या प्रयत्नात सापडलं. पाहतो तर गृहस्थ नातवंडांत बसून केक कापतोय!

"नाना, थांबा! हा जिवंत आहे."

चौथा घास हातातच राहिला. फोटो काळा-पांढरा म्हणजे माणूस गेलेलाच, असं नानांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. त्यांनी घाईघाईने हार काढला आणि गालांवर चापट्या मारून घेतल्या. मला हसू आवरेना.

नाना मात्र हसले नाहीत. काढलेला हार हातात घेऊन पाटावर बसले. मग म्हणाले, "मंग सुकरामबी जित्ता व्हई."

"कोण सुकराम?"

सुकराम सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावरचा, शाळेत नानांच्या बरोबरीचा. तालुक्याच्या शर्यतीत अनवाणी पळून त्याने नानांना मागे टाकलं होतं. त्या दिवशी नानांच्या वडिलांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं.

"त्याले वट्टावर बसाडं," नाना खाली बघत म्हणाले. "पहिला तो उना, अन् मी मझार जेवनू. काहीच बोलनू नही."

सुकराम बाहेर ओट्यावर आणि नाना आत; हसल्याची मला लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

नाना उठले, सोवळं सोडून पॅन्ट चढवली, कपाटातून कॅनव्हासचे बूट बाहेर काढले आणि पाड्याकडे जाणारी बस किती वाजता आहे ते विचारलं.

"सापडला तर काय म्हणाल त्याला?"

"म्हणसू काय?" नाना बुटाची नाडी बांधत होते. "त्यानी वाढं ते, त्याना वट्टावर बशीसन जेवसू."