बखर लीलाबाईंच्या सतरांची

श्रीशारदेस दंडवत घालून, खडूच्या धुळीस विभूती मानून, जे जैसे घडले ते तैसे लिहिले असे. अधिक उणे असेल ते जाणत्यांनी पदरात घ्यावे. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरे, आषाढमासी एका थोर नगरराज्यात विद्याखात्याचे नवे हुजूर गादीवर बसले आणि बसताच त्यांनी पुसिले की आपल्या पाठशाळा किती, मग कारकुनांनी अर्ज केला की नऊशे तेरा, आणि मुले तीन लक्ष, मग हुजुरांनी पुसिले की शाळेत येऊनही वाचता न येणारी किती, तेव्हा सारा दरबार आपापल्या पायांचे अंगठे निरखू लागला. मग मोजणी जाहली आणि आकडा निघाला एक लक्ष. हुजूर मनाचे वाईट नव्हते, परंतु घाईचे होते. त्यांनी वाचनमोहीम पुकारली, दर मासी आकडा मागविला, आणि ज्यांचे आकडे मोठे त्या मुख्याध्यापकांस भरल्या दरबारी उभे करून कारण विचारू लागले. उभे राहणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे लोक होते, त्यांस शरमेने घाम फुटे. मग नवल असे वर्तले की श्रावणी एक लक्षाचे साठ हजार जाहले, भाद्रपदी वीस हजार, आणि आश्विनी चारच हजार. मुले तीच, त्यांचे वाचणे तेच, आकडा मात्र घसरगुंडीस लागला.

मग कार्तिकमासी हुकूम सुटला की आता मोहिमेची शेवटची मोजणी, जेथे न वाचणारे मूल उरले नसेल तेथे 'निरंक' ऐसे लिहून पाठवावे. निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी कागदावर नुसते शून्य काढणे पोरकट दिसते, म्हणून हा भारदस्त शब्द. आणि हुकुमात पुढे कलम होते की निरंक पाठशाळेस मानाची पितळी पाटी मिळेल, आणि जेथे आकडा असेल तेथे शाळा सुटल्यावर एक तास एक खोली उघडी राहील, पुस्तकांची पेटी मिळेल, आणि त्या मुलांस वाचावयास शिकवावे. हुजुरांचा हेतू चांगला होता. परंतु पाटी आणि पेटी यांतून काय निवडावे हे त्या राज्यात कोणास शिकवावे लागले नाही.

त्याच राज्याच्या पूर्वभागी, एका जुन्या तीनमजली इमारतीत चार पाठशाळा नांदत होत्या, आणि त्यांतील एकीत लीलाबाई तिखे नामे शिक्षिका पाचवीस शिकवीत असत. आडनाव तिखे, स्वभाव ताकाचा. पन्नाशी उलटलेली, यजमान निवर्तलेले, लेक दूरदेशी दिलेली. घरी बोलावयास भिंती होत्या. म्हणून मधल्या सुटीत पाच बायकांनी डबे उघडून एकमेकींच्या भाज्या चाखाव्या, हाच त्यांचा गोतावळा होता. पाठशाळांची जुनी चाल अशी की धडा सर्वांनी मिळून वाचावा. एकाने ओळ उचलावी आणि चाळीस कंठांनी मागे धावावे. त्या गजरात कोण वाचतो आणि कोण ओठ हलवितो हे ब्रह्मदेवासही न कळे. हुकूम आला तेव्हा बाईंच्या मनात आले की निरंक लिहिण्याआधी एकेकास ऐकावे, आणि त्यांनी एकेक मूल जवळ बोलाविले. गवंड्याची मुलगी सारजा, वर्गात सर्वांहून मोठ्याने म्हणणारी, ती पुस्तक धरून उभी राहिली आणि उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, मला सगळ्यांबरोबर वाचता येतं. एकटीला नाही येत."

वर्षानुवर्षे तो गजर ऐकून आपण सुखावलो हे बाईंस उमगले, आणि स्वतःची लाज वाटली. मग सारे ऐकून झाले तेव्हा एक्केचाळिसांत सतरा मुले ऐसी निघाली. बाईंनी कागदावर सतरा लिहिले आणि कागद मुख्याध्यापक राऊळसरांपुढे ठेविला.

राऊळसरांनी नाना परीने समजाविले. म्हणाले की बाकी साऱ्या वर्गांनी निरंक दिले आहे, तुमच्या एका आकड्याने अवघ्या शाळेची पाटी जाईल, आणि उभे मला राहावे लागेल, सेवेची दोनच वर्षे उरली आहेत. बाईंस त्यांची दया आली, तरी बोलिल्या की निरंक लिहिले तर खोलीस कुलूप, मग ही मुले पुढल्या शाळेत जातील आणि तेथे त्यांस अक्षर कोणी दाखविणार नाही. सरांनी कागद उचलून हुजुराकडे रवाना केला, आणि त्या दिवसापासून बाईंशी कामापुरते बोलू लागले. बाकीच्या चौघींनीही मनात जाणले की आपल्या वर्गांत ओठ हलविणारे आहेत, आणि खरे बोलणाराचा राग खोटे बोलणारापेक्षा अधिक येतो. दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन गेल्या तो चौघींची बाके जुळलेली होती आणि पाचवे भिंतीकडे सरकविले होते. जी नित्य त्यांची मेथी हक्काने उचलीत असे, तीही खिडकीबाहेर पाहू लागली. बाईंनी भिंतीकडे तोंड करून भाकरी खाल्ली. त्यांस फार एकटे वाटले, आणि आपण शहाणपण केले की मूर्खपण, हे पुसावयास कोणी उरले नाही.

इकडे हुजुरात बेरीज जाहली. नऊशे बारा ठिकाणी निरंक आणि एके ठिकाणी सतरा, म्हणून अवघ्या राज्याची एकूण सतरा. हुजुरांनी डंका पिटविला की एक लक्षातून केवळ सतरा उरली, मोहीम फत्ते. नियम तो नियम, म्हणून एक खोली उघडी राहिली आणि एक पेटी आली. मग मार्गशीर्षात एके सायंकाळी बाईंनी वर्गात पाहिले तो मुले बावीस. पाच मुले खालच्या मजल्यावरील शाळेची. कोणी पाठविले ते सांगेनात. दुसऱ्या दिवशी तीस, मग पन्नास. शेजारच्या शाळांचे शिक्षक मुलांस जिन्यापावेतो आणीत, हात सोडीत आणि वर न पाहता परत फिरत. मेथीवालीनेही आपली सहा अशीच धाडिली, शब्द मात्र बोलली नाही. बाईंनी ठरविले की कोणाचे नाव पुसू नये, कारण जे ठाऊक नाही ते उद्या चौकशीत सांगावे लागत नाही. मग हजेरी घेत तेव्हा नावे सतराच पुकारीत आणि एकेका नावास सहा-सात गळे ओ देत. पेटीतली पुस्तके पुरेनात, म्हणून बाई फळ्यावर लिहीत, आणि एकेकास एकट्याने वाचावयास लावीत.

फाल्गुनमासी सतराही मुले घडाघडा वाचू लागली. नव्याने आलेली शंभर मात्र अजून काना-मात्रेत अडखळत होती. तशात खोली पुढे चालवावी की नाही हे ठरविणारी वर्षअखेरची मोजणी आली, आणि राऊळसर कागद घेऊन स्वतः वर्गात आले. बऱ्याच मासांनी ते बाकावर टेकले आणि मऊ आवाजात बोलले, "बाई, आता तरी निरंक लिहा. आता तर खरंच आहे ते."

बाई म्हणाल्या, "खरं आहे सर. पण मग खोलीला कुलूप लागेल."

"लोक म्हणतील, सगळ्या शहरात एकाच बाईंना वर्षभरात सतरा पोरं शिकवता आली नाहीत. शेऱ्यात तसंच लिहून येईल. आणि तुम्ही कधी खोटं लिहिलेलं नाही."

बाईंस रडू आले, ते त्यांनी आवरले नाही. मग त्यांनी उजव्या हाताने नीट, वळणदार अक्षरात सतरा लिहिले आणि सही केली. राऊळसरांनी कागद घडी करून खिशात ठेविला आणि जाताना दार उघडेच ठेविले.

सारांश, त्या राज्यात नऊशे बारा पितळी पाट्या लागल्या, आणि हुजूर बढती पावून दुजे राज्य सुधारावयास गेले. लीलाबाईंनी निवृत्त होईतो आणखी चार वर्षे दरसाल सतरा लिहिले, दरसाल नालायकीचा शेरा घेतला, आणि डबा एकटीने खाल्ला. निरोपाच्या दिवशी हारही मागविला गेला नाही. ही हकिकत शके एकोणीसशे सत्तेचाळिसात लिहून पुरी केली. लिहिणाराचे नाव त्या सतरांत शोधू नये. तो खालच्या मजल्यावरचा होता आणि सारजेच्या नावास ओ देत असे. त्याचे खरे नाव बाईंनी कधी पुसिले नाही.