तापलेला गठ्ठा

"एकावर एक ठेवायच्या नाहीत, बाबा. मध्ये दोन बोटांचं अंतर. आणि सारखा फ्रिज उघडायचा नाही. बस, एवढंच."

मुलीने हे चौथ्यांदा सांगितलं आणि ती कामासाठी परगावी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ती परतणार होती, आणि त्याच वेळी रुग्णालयाच्या कँटीनच्या मॅनेजरबाई तिचं टेंपे चाखायला घरी येणार होत्या. टेंपे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर मुद्दाम पांढरी बुरशी वाढवून केलेली घट्ट लादी. या लाद्यांपायी मुलीने ऑफिसातली पक्की नोकरी सोडली होती, आणि आठ महिन्यांत शेजाऱ्यांपलीकडे तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. बाई हो म्हणाल्या तर धंदा उभा राहणार. नाही म्हणाल्या तर ती पुन्हा त्याच ऑफिसात अर्ज करणार. वडिलांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

वडील नट-बोल्टच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना स्टोअरकीपरच म्हणे. आपल्या स्टोअरमध्ये त्यांनी कधी इंचभर जागा फुकट जाऊ दिली नव्हती, आणि इथे आठ लाद्या भांडण झाल्यासारख्या लांब लांब पडून फ्रिजचे दोन कप्पे अडवून बसलेल्या! तासाभरात त्यांनी फ्रिज अकरा वेळा उघडला. बाराव्या वेळी त्यांच्याने राहवेना. चार-चारच्या दोन चळती रचून त्यांनी त्या एकमेकींना भिडवल्या, प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि चिठ्ठी लावली: 'टेंपे, नग ८'. मग कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

सकाळी त्यांनी गठ्ठ्याला हात लावला, तर तो कोमट. फ्रिजमध्ये, कोमट! त्यांनी बटण फिरवून फ्रिज सगळ्यात थंडवर नेला. दहा वाजेपर्यंत दुधाचा दगड झाला, काकड्या काचेसारख्या झाल्या, गठ्ठा मात्र होता तसाच. अकराला त्यांनी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळा फ्रिज रिकामा केला, मागचं झाकण काढलं, कान लावून ऐकलं.

"काका, फ्रिज ठणठणीत आहे. ताप या गठ्ठ्याला आलाय."

"गठ्ठ्याला कसा येईल ताप?"

"आतल्या आत तापतंय हे. इतकं आवळून बांधल्यावर उष्णता बाहेर पडणार कुठून?" त्याने सुतळी सोडली आणि तो दचकलाच. "अहो, याला तर बुरशी आलीय!"

"ती आणलेली आहे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम!"

मेकॅनिकने भराभर हत्यारं गोळा केली आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत तो दिसेनासा झाला.

लाद्यांवर आता काळपट ठिपके दिसू लागले होते. मुलीच्या टेबलावर एक कागद होता, तो स्टोअरकीपरांनी धावत जाऊन आणला. 'बुरशी जिवंत असते, लाद्या रचल्या की तापतात. काळे-राखाडी ठिपके चालतात. गुलाबी किंवा निळा रंग, चिकटपणा, नाकात जाणारा वास: फेकून देणे.' त्यांनी एकेक लादी उजेडात धरली, हुंगली, बोटाने चाचपली. सहा पास झाल्या. त्या त्यांनी सुट्या सुट्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मधल्या दोन चिकट होत्या आणि त्यांच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. पण मंजुरीशिवाय माल बाद करण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी त्या दोन्ही ताटात घातल्या, वर स्वच्छ ताट झाकलं आणि मुलीच्या सहीसाठी टेबलावर ठेवून दिल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, सगळं ठीक ना?"

"ठीक. एकदम ठीक. का?"

"माझी गाडी अर्धा तास उशिरा येतेय. बाई आल्या तर त्यांना बसवून ठेवा. आणि काही बोलू नका, प्लीज."

बाई ठोक्याला चारला हजर. स्टोअरकीपरांनी पाणी दिलं आणि न बोलण्याचा निश्चय करून ते खिडकी ते दार, दार ते खिडकी करत राहिले. बाईंना घाई होती. टेबलावरचं झाकलेलं ताट त्यांनी पाहिलं आणि सुरी उचलली.

"हेच ना? मीच कापून बघते."

"त्याला हात लावू नका!" स्टोअरकीपर इतक्या जोरात ओरडले की बाईंच्या हातातली सुरी पडली. मग त्यांचा बांधच फुटला. चळती, सुतळी, मेकॅनिक, गोठलेलं दूध, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "मुलीने बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. माल तिचा उत्तम आहे हो. वाटोळं मी केलं."

मुलगी दारातून आत आली तेव्हा बाई स्वतःच तवा तापवून चांगल्या लादीचे काप परतत होत्या. वडील कोपऱ्यात मान खाली घालून उभे. काय झालं असेल ते तिला न सांगताच कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

बाईंनी तीन काप खाल्ले, हात धुतले.

"आठवड्याला वीस लाद्या. अट एकच. माल कसा आहे, ते दर सोमवारी फोनवर तुमचे वडील सांगतील."

"बाबा? अहो, यांनीच तर बिघडवला!"

"आणि कबूलही केलं. तुम्ही विकणाऱ्या, तुमच्या मते सगळ्याच लाद्या चांगल्या असणार."

पहिल्या सोमवारी फोन आला, तेव्हा मुलगी श्वास रोखून शेजारी उभी होती. स्टोअरकीपरांनी वीसही लाद्या दोनदा हुंगल्या होत्या.

"सतरा चांगल्या," ते म्हणाले. "तीन मला पसंत नाहीत."

"बाबा!" मुलगी दबक्या आवाजात किंचाळली. "मी केल्यात त्या!"

स्टोअरकीपरांनी फोनवर हात ठेवला.

"वीसही तूच केल्यास बाळा. म्हणून तर सतरा चांगल्या निघाल्या."