सोवळ्यातली बिअर

उपासनीकाकांच्या घरात देवघर नाही. बर्फाने भरलेले बूट घालून तुम्ही थेट दिवाणखान्यात गेलात, तर ते फार तर कपाळाला आठी घालतील. पण बेसमेंटच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलात की खालून गर्जना येते, "शिवू नकोस! कशालाही शिवू नकोस!" मग लॉन्ड्रीच्या सिंकपाशी घड्याळ आणि अंगठी काढायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, ते जंतुनाशक पाण्यात बुडवायचे आणि न पुसता, वर धरून, बोलावणं येईपर्यंत उभं राहायचं. नाशिकला काकांचे वडील भिक्षुक होते. त्यांच्या सोवळ्याओवळ्याला कंटाळून काका पंचविशीत जानवं काढून कॅनडात आले, वॉनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून राबले, आणि रिटायर झाल्यावर मार्कहॅमच्या बेसमेंटमध्ये त्यांनी वडिलांच्या वरताण सोवळं सुरू केलं. बिअरसाठी.

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो. मूळचा नागपूरचा. गेल्या वर्षी कंपनीने मला व्हिडिओ कॉलवर, चेहऱ्यावर सहानुभूतीचं हसू ठेवून, नारळ दिला. बायको म्हणाली, "घरभर येरझाऱ्या घालू नकोस प्रशांत, काहीतरी शीक." शहाणी माणसं अशा वेळी कोर्स करतात. मी बिअर करायला घेतली. तोंड तसंही कडूच झालेलं होतं.

पहिली बिअर मी स्वतःच्या अकलेने केली. आंबवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असा माझा समज. इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगवायचं तर ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडं आत ठेवायचं, हे मार्कहॅममधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मी बिअरची बरणी तशीच ठेवली. ती इतकी फसफसली की ओव्हनभर फेस झाला. मला वाटलं, जमलं. बाटली घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी ग्लास नाकापाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"बायकोला दे. नेलपॉलिश काढायला होईल."

"काका, चाखून तरी बघा."

"ओव्हनमध्ये ठेवलीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मंडळातला प्रत्येक गाढव ओव्हनमध्येच ठेवतो! इडली आहे का ती? यीस्टला उकाडा झाला की ते चवताळतं आणि असला वास सोडतं. अठरा-वीस डिग्री, अंधार आणि दोन आठवडे गप्प बसायचं. झाकण उघडून डोकावायचं नाही. बिअर बिघडत नसते रे, बिघडवली जाते."

हे त्यांचं लाडकं वाक्य. सरकार, महाराष्ट्र मंडळ, शेजारच्यांची मुलं, सगळ्यांना ते हेच लावत. त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांच्याकडे उमेदवारी करू लागलो. एकदा जवाच्या उकळलेल्या रसाचं पातेलं लवकर निवावं म्हणून मी ते मागच्या अंगणात बर्फात नेऊन रोवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. काका म्हणाले, "वा! गोधडीत गुंडाळून ठेवलंस." आणि खरंच, पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून पोकळी झाली आणि आत सगळं गरमच राहिलं. गार करायचं तर पातेलं सिंकमध्ये थंड पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि तेही झटपट, कारण कोमट रस म्हणजे जगातल्या समस्त जंतूंना जेवणाचं आमंत्रण. हे सांगताना शिव्या किती आणि शास्त्र किती, हे वेगळं काढणं कठीण.

त्यांची बिअर मात्र कडूजहर. हॉप्स नावाची वाळलेली फुलं ते मूठमूठ टाकत. उकळी फुटताच टाकली की कडवटपणा येतो, शेवटी टाकली की सुवास येतो. काका शेवटपर्यंत थांबतच नसत. मंडळाच्या पिकनिकला लोक त्यांची बिअर हसतमुखाने घ्यायचे आणि झाडांना घालायचे. काकांना ते कळायचं. "गोडघाशे लेकाचे," म्हणून ते आणखी कडू करायचे. मला आवडायची. इथे सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात की घरी आल्यावर काहीतरी कडू प्यावंसं वाटतं.

या सगळ्या सोवळ्यात एकाच माणसाला हात न धुता प्रवेश होता. कुमुदकाकू. बाटल्यांत साखर घालणं हे पहिल्यापासून त्यांचं काम. भरण्याआधी प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, सपाट. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बिअरला बुडबुडे येतात. साखर कमी पडली तर बिअर मेलेली, जास्त झाली तर बाटली फुटते. मापाच्या बाबतीत काका स्वतःवरही विश्वास ठेवत नसत. काकूंच्या हातावर मात्र डोळे मिटून.

गेल्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये बाटल्या फटाफट फुटल्या. भिंतभर फेस, जमिनीवर काचा. मी मनातल्या मनात माझ्यावरच्या शिव्या मोजायला तयार झालो. काका काचा झाडत म्हणाले, "माझं माप चुकलं." एवढंच. पेंट केमिस्ट उपासनी, माप चुकलं! माझा विश्वास बसला नाही.

पुढच्या शनिवारी उलगडा झाला. काकू स्टुलावर बसून साखर घालत होत्या. ओळ संपली की पुन्हा पहिल्या बाटलीपासून. मग पुन्हा. तोंडाने काहीतरी गुणगुणत, अगदी सपाट चमचा. दुपारी त्या झोपायला वर गेल्या तशी काकांनी एकेक बाटली उलटी करून साखर झटकली आणि धुवायला घेतली. खरी बिअर ते आता वेगळ्या बाटल्यांत भरत, साखर पाण्यात उकळून एकदाच सगळ्यात मिसळून. काकूंच्या बाटल्यांत काही भरलं जातच नव्हतं. दर शनिवारी त्याच बाटल्या पुन्हा धुऊन, पुसून त्यांच्यासमोर मांडल्या जायच्या.

"मुग्धाला सांगू नकोस," काका म्हणाले. "ती लगेच विमानात बसेल."

मुग्धा ही त्यांची एकुलती एक मुलगी. रेजिनाला सरकारी नोकरीत. तिला मी सांगितलं नाही, पण फोनवर आईने तिलाच "आपण कोण?" विचारलं, तेव्हा ती विमानात बसलीच. येताना निरोप घेऊन आली. आईच्या विसराळूपणाची शंका तिला फोनवर आधीपासूनच येत होती. वॉनच्या केअर होममध्ये तिने आईचं नाव तेव्हाच घालून ठेवलं होतं, आणि आता जागा झाली होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"नाही," काका म्हणाले.

"बाबा, बी रिअलिस्टिक. तुम्ही पंचाहत्तरचे आहात. परवा मी आले तेव्हा आई जॅकेट न घालता ड्राइव्हवेवर उभी होती. आय कान्ट डू धिस फ्रॉम रेजिना."

"शनिवारी खाली ये. काम करताना बघ तिला. मग बोल."

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. बायकोला घरात ठेवायचं की नाही, याची परीक्षा हा माणूस बाटल्यांवर घेणार होता. पण शनिवारी मी गेलो. काकांनी दाढी केली होती. बाटल्या अशा लख्ख होत्या की दिव्याखाली डोळे दिपावेत. मुग्धा जिन्याच्या पायथ्याशी हात बांधून उभी राहिली.

काकूंनी पहिली ओळ सुरेख भरली. एक कण बाहेर नाही. काकांनी मुग्धाकडे बघितलं. शाळेच्या गॅदरिंगला पोराचं काम चांगलं झालं की बाप बघतो, तसं. मग काकूंनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, आणि काकांना म्हणाल्या,

"तुमचे मालक कुठे आहेत?"

मुग्धाने तोंडावर हात ठेवला. मी भिंतीकडे बघायला लागलो. काका म्हणाले,

"बाहेर गेलेत, बाई. मी इथे कामाला आहे."

"या बाटल्या नीट धुतलेल्या नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी उपासनीकाकांच्या स्वच्छतेवर बोट ठेवलं होतं. त्यांनी बाटली हातात घेतली.

"पुन्हा धुतो."

"बरीच वर्षं आहात का इथे?"

"बरीच झाली."

"मालक कसे आहेत?"

"तिरसट आहेत. सारखे ओरडतात."

"मग सोडत का नाही नोकरी?"

काकांनी बाटलीत ब्रश घातला आणि उगीचच खूप वेळ फिरवत राहिले.

"मालकीणबाई चांगल्या आहेत," ते म्हणाले.

काकूंना ते पटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि पहिल्या बाटलीपासून पुन्हा साखर घालायला सुरुवात केली. काकांनी त्यांचं काम पुरं होऊ दिलं. मग हात धरून त्यांना वर नेलं, निजवलं, अंगावर पांघरूण घातलं. मुग्धा आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो. ती रडत होती, आणि मला भांडी विसळण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. काका बाहेर आले, खुर्चीवर टेकले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले,

"कळव त्यांना, हो म्हणून. नोकरमाणसाच्या भरवशावर तिला किती दिवस ठेवायचं?"