आर्डिसबाईंच्या बशीतलं चॉकलेट

आर्डिसबाई टोलेफसन गांजाच्या दुकानात गेल्या त्या स्वतःसाठी नव्हे, "एका मैत्रिणीसाठी". दुकान मुद्दाम वीस मैलांवरच्या गावातलं निवडलं होतं. रांगेत त्यांच्या पुढे असलेल्या तिन्ही म्हाताऱ्यासुद्धा आपापल्या मैत्रिणींसाठीच आल्या होत्या. अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात गांजा कायद्याने खुला झाला, पण लोकांची लाज काही कायद्याने जात नाही.

काउंटरवरच्या ब्रेनाने आधी ओळखपत्र मागितलं. आपल्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली की नाही अशी शंका एकाहत्तराव्या वर्षी कोणाला तरी आली, याने आर्डिसबाई इतक्या सुखावल्या की सगळे प्रश्न एका दमात विचारून मोकळ्या झाल्या. मैत्रिणीची बोटं संधिवाताने आखडतात, तिला आराम पडेल का? तोंडाला वास येईल का? सवय लागेल का? खाऊन चर्चमध्ये बसलं तर चेहऱ्यावर दिसेल का? ब्रेना हे दिवसातून चाळीसदा ऐकत असावी. तिने शांतपणे सांगितलं की काहींना आराम पडतो, काहींना नाही. गांजाच्या चॉकलेटच्या अर्ध्या तुकड्याने सुरुवात करायची. असर व्हायला दोन तासही लागतात, म्हणून काही होत नाही असं समजून दुसरा तुकडा खायचा नाही. खाऊन गाडी चालवायची नाही, आणि चॉकलेट कुलपात ठेवायचं.

आर्डिसबाईंची काळजी खरी होती. चव्वेचाळीस वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या. गेल्या रविवारी दोन स्तोत्रांत बोटं अडखळली आणि चर्चच्या मंडळाच्या अध्यक्ष डलोरिस बाकेन बाहेर पडताना म्हणाल्या, "आज जरा वेगळं झालं." आमच्याकडे याहून कडक शब्द नाही. पुन्हा तसं झालं तर ऑर्गनची जागा गेलीच म्हणायची.

टोलेफसनांच्या घरात कुलूप असं नव्हतंच, दाराला सुद्धा. चॉकलेट पिठाच्या डब्यामागे गेलं.

गुरुवारी दुपारी गोधडी शिवायला तिघी आल्या: डलोरिसबाई, आणि लव्हॉन व म्युरिएल या बहिणी. आर्डिसबाई आतल्या खोलीतून चिंध्यांची टोपली घेऊन निघाल्या, तर स्वयंपाकघरात नवरा ऑर्व्हिल स्वतःवर खूश होऊन उभा.

"बशी उघडीबोडकी दिसत होती," तो म्हणाला. "म्हणून पिठामागचं चॉकलेट मांडलं. एवढं चांगलं चॉकलेट आणि लपवून ठेवतेस?"

"किती मांडलंस?"

"सहा तुकडे. माणशी दोन."

आर्डिसबाई बाहेर धावल्या. बशीत लिंबाची अर्धी वडी होती, चॉकलेटचा मागमूस नव्हता. आमच्याकडे शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, अर्ध्याचा पाव करतात, पण बशीत काहीतरी राहू देतात. इथे शेवटच्या तुकड्यासकट फडशा पडला होता, म्हणजे या बायकांचं भान सुटलं होतं. असर व्हायला दोन तास लागतात हे भीतीपोटी त्या साफ विसरल्या.

न्हाणीघरात जाऊन त्यांनी ब्रेनाला फोन लावला. मैत्रिणीच्या मैत्रिणींनी चुकून खाल्लं, असं सांगितलं. ब्रेना म्हणाली, आधी त्यांना खरं सांगा, गाडीला हात लावू देऊ नका, कोणाला त्रास वाटला तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तिघी डलोरिसबाईंच्या गाडीतून आल्या होत्या, आणि वाट गोठलेल्या तळ्याच्या काठाने. सांगावं तर ऑर्गन जातो, न सांगावं तर गाडी तळ्यात जाते.

तेवढ्यात डलोरिसबाईंनी मांडीवर थाप मारली. "चला मग."

आर्डिसबाईंचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे पाहुणा उठला म्हणजे गेला असं होत नाही. दारात अर्धा तास, पायरीवर पाव तास, गाडीच्या काचेशी आणखी तितकाच वेळ बोलणं चालतं. आर्डिसबाईंनी ठरवलं, आजचा निरोप दोन तास ताणायचा. त्यांनी लोणच्याची बरणी देऊ केली. ती रीतीप्रमाणे तीनदा नाकारली गेली, चौथ्यांदा घेतली गेली. मग त्यांनी जावयाच्या पित्ताशयाचा विषय काढला आणि एक खडाही वगळला नाही.

पण लक्षणं दिसू लागली होती. लव्हॉन दाराच्या काचेवरच्या हिमाकडे टक लावून पाहत होती. पायरीवर आल्या तेव्हा सूर्य कलला, गारठा वाढला आणि तळ्यावरचं बर्फ बोलू लागलं. या काठापासून त्या काठापर्यंत एक लांब, खोल हुंकार सरकत गेला. लव्हॉनने डोक्यावरची टोपी काढली.

"सत्तर वर्षं इथं राहते गं," ती हळूच म्हणाली, "आणि कधी उभी राहून ऐकलंच नाही."

म्युरिएलने डोळे पुसले. दोघी एकमेकींचा हात धरून काठाकडे चालू लागल्या. चढली, आर्डिसबाई मनात म्हणाल्या. इकडे डलोरिसबाई गाडीत बसून किल्ली फिरवत होत्या. आर्डिसबाई धावत जाऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"डलोरिस, उतर. ते चॉकलेट गांजाचं होतं. माझंच आहे, बोटांसाठी आणलेलं. ऑर्गन काढून घे, पण गाडी चालवू नकोस."

डलोरिसबाईंनी काच खाली केली, पर्स उघडली आणि कागदी रुमालाची पुरचुंडी पुढे केली. आत सहाच्या सहा तुकडे होते.

"गांजाच्या पानाचा छाप दिसला तेव्हाच ओळखलं," त्या म्हणाल्या. "मी हेच घेते, गुडघ्यांसाठी. दीड तास तुला एकटीला गाठायला बघतेय, पण तू निरोप संपवशील तर ना."

"शेवटचा तुकडासुद्धा तूच उचललास? त्या दोघींच्या देखत?"

"देखत. उद्या गावभर होईल. होऊ दे."

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आपल्यासाठी केवढं नाव घालवलं, हे आर्डिसबाईंना उमगलं. मग त्यांनी काठाकडे बोट केलं. "पण त्या दोघी? त्यांना झालंय काय?"

"काही नाही. लिंबाच्या वड्या खाल्ल्या त्यांनी. बर्फ खरंच असं बोलतं, आर्डिस. तू उभं केलंस म्हणून ऐकू आलं."

तळं पुन्हा हुंकारलं. आवाज पार विरेपर्यंत दोघींनी ऐकला.

"आणि रविवारी?" आर्डिसबाईंनी भीत भीत विचारलं.

"अर्धा तुकडा, शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी नको. दुकानातल्या त्या पोरीला मी सगळं विचारून ठेवलंय." डलोरिसबाईंनी गाडी बंद केली आणि बर्फ ऐकायला खाली उतरल्या. "आणि बोटं अडखळली तर अडखळू देत. आम्ही हळू गाऊ."