दोनदा भाजलेले दगड

पुंजाजी माळी माणसांची नावं विसरत, पण एकदा चाटलेला दगड विसरत नसत. चाटलेला म्हणजे खरोखर जिभेनं. वाटेत वेगळा गोटा दिसला की ते तो धोतराच्या सोग्यानं पुसत, जिभेला लावत, डोळे मिटत आणि मग एक तर "हं" म्हणत, नाही तर थुंकत. अकोल्याच्या जुन्या शहरात लोक त्यांना वेडा म्हणत. मी कधी म्हटलं नाही. मी त्यांच्याच ओसरीवर झोपत होतो.

मी कोकणातला. वडील गेले तेव्हा शाळा चौथीतच सोडली आणि अक्षर बरं म्हणून अमरावतीला एका साहेबाच्या कचेरीत नकला करायला लागलो. साहेब खडकांचा अभ्यास करी. नोकरी जाईल या धास्तीनं मला शिंकसुद्धा मोकळी येत नसे. गावी आई आणि दोन बहिणी माझ्यावरच होत्या. कामासाठी अकोल्याला आलो की मुक्काम पुंजाजींकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "जेवला का, बावा?" त्या मुलखात हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

सगळा वऱ्हाड तेव्हा कापसानं झपाटलेला. लोकांनी अंगणातली मेथी उपटून कपाशी लावली. पुंजाजींच्या मोर्णा नदीकाठच्या मळ्यात मात्र अर्ध्या भागात वांगी आणि अर्ध्या भागात दगड, तेही वाफे पाडून मांडलेले. त्यांची वहिनी जाता-येता म्हणे, "भाऊजी, गोट्याईले पानी घाला. बोंडं येतीन!"

"कपाशीले कीड लागते, वैनी. गोट्याले लागते का?"

हे दगड बैतूलकडच्या डोंगरातले. तरुणपणी पुंजाजी कांद्याचे बैल घेऊन तिकडे गेले, तांबं गाळणाऱ्या भट्टीवाल्यांत रमले आणि सहा वर्षं तिथंच राहिले. परत आले ते हे शास्त्र घेऊन. आपल्या इकडचा काळा दगड त्यांच्या खिजगणतीत नव्हता. "थो एकदाच शिजला अन् निवला. त्यात काई मजा नाई. तिकडचा गोटा जमिनीनं दोनदा भाजला, दाबला, दुमडला. तू दुमड पाह्य, बावा, दुमड!"

दुमड म्हणजे काय, हे त्यांनी मला होळीच्या दिवशी पानावर शिकवलं. पुरणाची पोळी दुमडली आणि वरून तळहातानं दाबली. "पुरन कुठं गेलं? दुमडीत जाऊन बसलं. शिसं तसंच. मऊ हाये, दाबलं का सरकते. अन् गोट्यातला थो पिवळा चौकोनी लबाड हाये ना, सोन्यासारखा चमकते थो? हा जागचा हालत नाई. भाजला तसा मोठा होते." पुरण माझ्या एकुलत्या एक अंगरख्यावर उडालं. वहिनी लाटणं घेऊन आली आणि विद्यादान तिथंच थांबलं.

पण त्याच विद्येनं मला तारलं.

साहेबाच्या माणसांनी बैतूलच्या डोंगरातून वीस दगड आणले होते. प्रत्येकाला जागेची चिठ्ठी बांधलेली. ती पेटी मला अमरावतीहून अकोल्याच्या तंबूत पोचवायची होती. कुठल्या जागी खणायचं, ते साहेब त्यावरून ठरवणार होता. निघताना त्यानं बजावलं, "चिठ्ठ्या गेल्या तर तूही जा." गाड्या सगळ्या कापसाला लागलेल्या. एका गाडीवानानं पेटी कापसाच्या बोज्यांवर ठेवून घेतली. मोर्णेच्या पात्रात चाक रुतलं, बोजे घसरले, गाडीवानानं धावून कापूस सावरला आणि माझी पेटी पाण्यात गेली.

दगड सगळे सापडले. चिठ्ठ्यांचा लगदा झाला. मी काठावर बसून रडायला लागलो, तर गाडीवान म्हणतो, "कावून रडून राहिला, राजा? गोटे भिजले तं सुकतीन!"

जागांची यादी माझ्या पागोट्यात कोरडी होती, पण कुठला दगड कुठला, ते देवाला ठाऊक. साहेब दुसऱ्या दिवशी यायचा होता. पुंजाजींनी सगळं ऐकून घेतलं. "खापर आन," ते म्हणाले. "अन् सुई-दोरा."

दिवसभर ते अंगणात बसले. दगड खापरावर घासायचे, उमटलेली रेघ पाहायचे. राखाडी रेघ शिशाची, हिरवट काळी तांब्याची. जस्ताचा दगड घासला तेव्हा असा वास सुटला की वहिनी आतून ओरडली, "घरात सडलं अंडं कोनं आनलं?" दोऱ्याला टांगलेली सुई एका तपकिरी दगडाकडे ओढली गेली, तसे पुंजाजी लहान मुलासारखे हसले. मी यादीतली जागा वाचायची, त्यांनी दगड उचलायचा. "हा कड्याखालचा. हा ओढ्याच्या डाव्या अंगचा."

शेवटी दोन दगड उरले आणि दोन जागा. एक दगड हलका. दुसरा शिशानं जड, त्यात हिरवे दाणे. पुंजाजी तो जड दगड हातात धरून बसले. चाटला नाही, घासला नाही. बऱ्याच वेळानं तो त्यांनी एका जागेच्या नावासमोर ठेवला.

"नक्की?" मी विचारलं. माझा जीव त्यातच अडकला होता.

"नक्की. या दुमडीपाशी फुलीले पुरलं म्या."

"फुली कोण?"

"भट्टीवाल्याची पोर. माही बायको. तापात गेली."

अकोल्यात सगळे त्यांना अविवाहित समजत. "मग हा दगड दुसऱ्या जागेवर ठेवायचा होतात," मी म्हणालो. "कुणाला कळलं असतं? आता हे शिसं पाहून साहेब तिथंच खणेल."

"अन् तुही नौकरी?" ते उठले, हात झटकले. "फक्त येक कर. तिथं मानसं जातीन तं मले आंधी निरोप धाडा म्हन. मी जाऊन बसन. लय लोकं जमले का तिले भेव वाटे."

मी वीस चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. विसाव्या चिठ्ठीत, यादीत नसलेली एक ओळ कुणाला न विचारता वाढवली: येथे खणण्यापूर्वी पुंजाजी माळी, जुने शहर, अकोला, यांस कळवावे.

दुसऱ्या दिवशी साहेबानं वीसही दगड उलटेपालटे करून पाहिले. कुठं चूक निघाली नाही. शेवटच्या चिठ्ठीवर मात्र तो थांबला.

"हा माळी कोण? त्याला कशाला कळवायचं?"

"त्यांचं माणूस आहे तिथं, साहेब."

त्यानं लेखणी उचलली. ओळ खोडणार, असं मला वाटलं. त्यानं तिच्याखाली रेघ ओढली.