हंबीररावांचे पातळ ऑइल

अठ्ठ्याण्णव साली हंबीररावांच्या लेकाने, पृथ्वीराजने, पुण्यात बसून परस्पर वडिलांच्या मोटारीला गिऱ्हाईक ठरवले. पेठ वडगावचा पाहुणा रविवारी गाडी बघायला येणार होता. हंबीररावांना गाडी विकायची नव्हती. लग्न लागल्यावर अंबूबाईंना त्यांनी ह्याच पिस्ता रंगाच्या गाडीतून घरी आणले होते. पण अंबूबाईही म्हणाल्या, "पोरगं म्हनतंय तर द्या की इकून."

हंबीररावांनी गॅरेजवाल्या मीरासाबला गाठले. "काय रं, जुन्या इंजिनाला कंचं ऑइल सोसत न्हाय?"

"पातळ. नव्या गाड्यांचं. तुमचं इंजिन झिजलंय आबा, पातळ ऑइल फटीतनं वर चढून जळतंय. गल्लीभर धूर. तुमी आपलं जाडच घाला."

"व्हय व्हय, जाडच," म्हणत हंबीरराव निघाले ते थेट दुसऱ्या दुकानात. शनिवारी दुपारी अंबूबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी इंजिनातले जाड ऑइल काढून टाकले आणि पातळ भरले.

रविवारी पाहुणा आला. किल्ली फिरवताच गाडीने असा धूर ओकला की शेजारच्या धोंडुबाई वाळत घातलेली लुगडी ओढायला धावल्या.

"असं कधी करत न्हाय वो ती, पावणं," हंबीरराव तोंड पाडून म्हणाले आणि हळूच अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला.

पाहुण्याने नाकाला रुमाल लावला. "ही गाडी हाय का चूल? भंगारवाला बी दारात उभी करायचा न्हाय."

अंबूबाई चहा घेऊन बाहेर येत होत्या. त्या जागीच थांबल्या. "भंगार कुनाला म्हनताय? हिच्यात बसून मी ह्या घरात आलीया. इकायची न्हाय आमाला. या तुमी."

पाहुणा चहाविनाच वाटेला लागला. हंबीररावांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, तोवर अंबूबाई म्हणाल्या, "आता सांजच्याला हीच गाडी काढा. शाहूवाडीला माझ्या माहेराला जाऊन येऊ. चढ चढती का न्हाय, कळू दे पोराला."

पातळ ऑइलवर तो चढ म्हणजे इंजिनाचा निकालच, आणि खरे सांगायची सोय नव्हती. पायात चपला अडकवून हंबीरराव मीरासाबकडे धावले.

"जाड ऑइलचा डबा दे. लगीच."

"आनि एक? काल सांजच्यालाच वैनी घिऊन गेल्या की."

"काल?"

"व्हय. म्हनल्या, ह्यांनी पातळ भरलंय. पावणं एकदा धूर बघून गेलं, की बदलायचं हाय."