गर्जना मंडळाचं डावं वळण

एका जंगलात एक डांबरी रस्ता होता. मुलांनो, जंगलात डांबरी रस्ता कुठून आला, असं विचारायचं नाही. निवडणुका काय फक्त गावातच होतात?

रस्ता आला तशा मोटारसायकली आल्या. मोटारसायकली आल्या तसं मंडळ आलं. मंडळाचं नाव 'गर्जना'. मंडळात सिंह एकही नव्हता, वाघ तर लांबच राहिला. सगळे पाला आणि मुळं खाणारे. म्हणूनच तर नाव गर्जना ठेवलं होतं.

दर रविवारी मंडळ रांगेनं बाहेर पडायचं आणि डोंगरापलीकडे तरसाच्या ढाब्यावर जेवायला जायचं. घरी जेवण नव्हतं असं नाही. पण घरी जेवायचं तर चामड्याचं जाकीट कधी घालायचं?

मंडळाचे कॅप्टन होते गवे. गवा होते म्हणून गवे. ते सगळ्यांत पुढे असत. त्यांनी आपल्या गाडीचे दोन्ही आरसे काढून टाकले होते. "पुढाऱ्यानं मागे बघायचं नसतं," ते म्हणत. सगळ्यांत शेवटी कासव. मागे कुणी सुटलं तर त्याला गाठून आणायचं, हे त्याचं काम. बहुतेक वेळा तेच सुटलेलं असे.

मंडळाची शिस्त मोठी कडक. गाड्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरल्या होत्या. कॅप्टननी डावा हात बाहेर काढला की डावीकडे वळायचं. पाय बाहेर काढला की त्या बाजूला खड्डा. पाय बहुतेक वेळ बाहेरच असे. पुढच्यानं केलेली खूण मागच्यानं करायची, त्याची त्याच्या मागच्यानं, अशी ती शेवटपर्यंत पोचवायची. खूण का केली, हे विचारायचं नाही. विचारेपर्यंत खड्डा येतो.

आता या मंडळात शूलपाणी नावाचं एक साळिंदर होतं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव शलाका. मुलगी शांत. इतकी शांत, की सासरी पहिले काही दिवस तिला हाक मारली तरी लोक दुसऱ्याच खोलीत बघायचे.

पहिल्या रविवारी शूलपाणी जाकीट घालून उभा राहिला. जाकिटाची मागून चाळणी झाली होती आणि भोकाभोकातून काटे बाहेर आले होते. शलाकानं गाडीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं.

"अहो, मी बसू कशी?"

"बस की. सगळ्यांच्या बायका बसतात."

"सगळ्यांचे नवरे साळिंदर नाहीत."

मग ती उलटी बसली. नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून, म्हणजे काट्यांत काटे अडकवून. पडायची भीती नाही. मंडळ पोट धरून हसलं. मग सवय झाली.

बाकीच्या बायका सरळ बसायच्या. त्यांना जाताना नवऱ्याची पाठ दिसायची आणि येताना नवऱ्याची पाठ दिसायची. पाठीवर 'गर्जना' असं लिहिलेलं. दिवसभर तेच वाचायचं. शलाकाला मात्र मागे सुटत जाणारं सगळं जंगल दिसायचं. आणि शूलपाणीची गाडी कॅप्टनच्या लगेच मागे असल्यामुळे मंडळाची सबंध रांग समोरून दिसायची.

त्या रस्त्यावर सावरीचं एक वाकडं झाड होतं. सावर मागे पडली की लगेच एक फाटा लागायचा. कॅप्टनच्या डाव्या हाताला. फाट्यावरून आत गेलं की बोरीचा माळ, आणि माळावर शलाकाचं माहेर.

लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. सोमवार ते शनिवार नवरा-बायको दोघंही मुळं खणायच्या कामाला. उरला रविवार. रविवारी मंडळ.

दर रविवारी फाट्यावर तिची आई उभी असायची. घरात भाकऱ्या थापून, रताळ्याची भाजी झाकून यायची आणि लांबून गाड्या दिसल्या की हात हलवायला लागायची. थांबा, या, जेवायला या.

कॅप्टन गवे हात हलवून उत्तर देत. शूलपाणी देई. एकामागून एक सगळं मंडळ हात हलवत पुढे निघून जाई.

"बघितलंस?" शूलपाणी म्हणायचा. "लोकांचं किती प्रेम आहे मंडळावर!"

पुढे बघणाऱ्यांना आई क्षणभरच दिसायची. शलाकाला ती बराच वेळ दिसत राहायची. आधी मोठी, मग लहान, मग हात खाली गेलेली, मग नुसता ठिपका.

एकदा तिनं विचारलं, "अहो, आपण दोघंच फाट्यावर वळलो तर?"

"मधूनच?" शूलपाणीचे काटे उभे राहिले. त्यामुळे तिचेही राहिले. "अगं, रांग म्हणजे रांग. आज मी वळलो तर उद्या कुणीही कुठेही वळेल. मग मंडळ कसलं?"

शलाका गप्प बसली. मुलांनो, गप्प बसलेली बाई पटलं म्हणून गप्प बसते, असं शूलपाणीला वाटत असे. नवीनच लग्न होतं त्याचं.

ढाब्यावर तरस हसत स्वागत करायचा. ऑर्डर घेताना हसायचा, आणि ताट समोर ठेवताना जास्तच हसायचा. जंगलात गाय नाही, म्हैस नाही, तरी त्याच्याकडे पनीर मिळायचं. "हे दूध कुणाचं हो?" असं गवेवहिनींनी एकदा विचारलं होतं. तेव्हा तो हसून हसून खाली बसला. जेवण यायला दुपार टळायची. सगळे अर्धपोटी उठायचे आणि म्हणायचे, "काय मस्त राईड झाली!"

एका रविवारी शलाकाच्या डोळ्यात धूळ गेली. तिनं डोळा चोळला.

मागून भाऊसाहेब रानडुकरे येत होते. त्यांनी डोळा चोळला. त्यांच्या मागच्या भेकरानं चोळला. भेकराच्या मागच्या माकडानं दोन्ही चोळले. माकडं जरा जास्तच करतात. डोळे चोळण्याची ती लाट पार वळणामागे गेली. कासवापर्यंत ती बुधवारी पोचली, असं म्हणतात.

शलाकानं डोळे मिटले, उघडले. मग मुद्दाम कान खाजवून बघितला. सगळ्या मंडळानं कान खाजवला.

तिला हसू आलं. मंडळही हसलं.

पुढच्या रविवारी ती निघताना शूलपाणीला म्हणाली, "आज मोकळं मोकळं वाटतंय." तो म्हणाला, "बघ, लागली ना गोडी?"

गाड्या निघाल्या. टेकडी गेली, ओढा गेला. वाकडी सावर मागे पडली. शलाकानं एक हात बाहेर काढला. मग तिच्या लक्षात आलं, आपण उलट्या बसलोय. आपला डावा तो त्यांचा उजवा. घाईघाईनं तिनं तो हात आत घेतला आणि दुसरा काढला. चांगला लांब, सरळ.

भाऊसाहेब रानडुकऱ्यांनी डावा हात बाहेर काढला आणि ते वळले. भेकर वळलं. माकड वळलं. फाट्यावर हात हलवत उभी असलेली आई बाजूला उडी मारून उभी राहिली. तिच्या समोरून सबंध गर्जना मंडळ धुरळा उडवत माहेरच्या वाटेला लागलं.

आणि मुलांनो, इथेच घोटाळा झाला. सगळे वळले. शलाका ज्या गाडीवर बसली होती, ती मात्र सरळ गेली.

हात तसाच बाहेर. समोर आख्खं मंडळ तिच्या माहेरी चाललेलं, आणि ती एकटी लांब लांब जातेय.

"अहो," ती म्हणाली, "मागे कुणी नाही."

"मागे बघायचं नसतं!" शूलपाणी ओरडला.

डोंगराच्या माथ्यावर कॅप्टन दर रविवारी फोटोसाठी थांबत. ते थांबले. ऐटीत उतरले, छाती काढून उभे राहिले. फोटो काढायला कुणीच आलं नाही. फोटो काढणारं माकड मागे होतं. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागे बघितलं.

रस्ता रिकामा.

"शूलपाणी," कॅप्टनचा आवाज एकदम वासरासारखा झाला, "मंडळ कुठाय?"

"कॅप्टन, तुमच्या मागे मी होतो. आणि माझ्या मागे…"

दोघांनी शलाकाकडे बघितलं. शलाकानं पदर सारखा केला.

"डावीकडे वळलं की सगळं," ती म्हणाली. "बोरीच्या फाट्याला. हात दिसला ना त्यांना."

"हात? कुणाचा हात?"

"मंडळात हात कुणाचा चालतो, कॅप्टन?"

गवे विचारात पडले. गव्यानं विचार केला की कपाळाला घाम येतो. हात माझा नव्हता म्हणावं, तर मंडळ माझ्याशिवाय वळतं असं होतं. हात माझा होता म्हणावं, तर मी का वळलो नाही?

"परीक्षा होती," ते शेवटी म्हणाले. "मी सरळ गेलो तरी मंडळ खुणेप्रमाणे वळतं का, ते बघायचं होतं."

"वा!" शूलपाणी म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं.

"वा," शलाकाही म्हणाली.

दोन गाड्या उलट फिरल्या. शलाकाला त्या दिवशी माहेर आलं ते मागूनच. आधी फाटा मागे गेला, मग बोरी मागे गेल्या, मग मागून कुणीतरी काट्यांसकट मिठी मारली आणि तिला कळलं की पोचलो.

"अगं, कोण गं ही तुझी माणसं?" आई म्हणाली. "कोण तुम्ही म्हणून विचारलं, तर म्हणे आम्ही शिस्तीत आलो."

आईनं तोवर सगळ्यांना कामाला लावलं होतं. भाऊसाहेबांना मुसकट खुपसून सुरण उकरायला बसवलं होतं. ढाब्यावर कधी खूश न दिसलेले भाऊसाहेब चिखलात नाकापर्यंत बुडून गाणं म्हणत होते. माकड झाडावरून बोरं पाडत होतं. जाकिटं सगळी कुंपणावर वाळत पडली होती.

आई शूलपाणीकडे वळली. "जावईबापू, दर रविवारी हात करत होते हो मी."

शूलपाणी गोंधळला. "म्हणजे त्या… तुम्ही होतात? आम्हीही हात केला की!"

"केलात ना," शलाका म्हणाली. "छान केलात."

शूलपाणीचे काटे हळूहळू खाली बसले.

पंगत बसली. गरम भाकरी, रताळ्याची भाजी, उकडलेले करांदे, सुरणाचे काप. पहिल्या वाढीनंतर आई भाकरी घेऊन कॅप्टनपुढे आली. कॅप्टनना अजून पाच हव्या होत्या. पण पहिल्यांदाच आलेला पाहुणा काय करतो? त्यांनी पानावर आडवा हात धरला. "नको, नको, पुरे."

लगेच भाऊसाहेबांनी पानावर हात धरला. भेकरानं धरला. माकडानं दोन्ही धरले. सगळी पंगत उपाशी, आणि सगळ्या पानांवर हात.

आई भाकरी घेऊन उभीच. शेवटी शलाकानं पंगतीत आपली पत्रावळ उचलली आणि पुढे केली.

मुलांनो, पत्रावळींचा असा आवाज झाला, की बोरीवरचे पक्षी उडाले. सगळ्यांत पुढे कॅप्टनची पत्रावळ होती. पुढारी होते ना ते.

हात धुतल्यावर कॅप्टननी भाषण केलं. आजची परीक्षा यशस्वी झाली. मंडळ खुणेप्रमाणे वळलं, याचं श्रेय मागच्या सीटवरच्या उलट्या बैठकीला आहे. म्हणून पुढच्या रविवारपासून सर्व वहिनींनी उलटं बसावं. सुरक्षेच्या दृष्टीनं.

टाळ्या झाल्या. आता टाळी कुणी आधी वाजवली, हे सांगायला हवं का?

पुढच्या रविवारी सगळ्या बायका उलट्या बसल्या. पहिल्यांदाच कुणाला नवऱ्याची पाठ दिसेना. जंगल दिसू लागलं. ओढ्यापाशी मिसेस रानडुकरे एकदम ताठ झाल्या. चिखलाच्या काठावर कुणीतरी म्हातारी हात हलवत होती आणि लहान लहान होत चालली होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ही तर माझी आत्या!"

आणि त्यांनी हात बाहेर काढला.

त्या दिवसापासून गर्जना मंडळ तरसाच्या ढाब्यावर पोचलेलं नाही. एका रविवारी भेकराचं आजोळ, एका रविवारी माकडाची मावशी. जंगलात एवढे फाटे आहेत, हे कुणाला माहीतच नव्हतं. कॅप्टन अजूनही सगळ्यांत पुढे असतात. डोंगरावर थांबतात, मागे बघतात आणि परीक्षा घेतल्याचं सांगत सगळ्यांत शेवटी जेवायला येतात. तोपर्यंत कासवही पोचलेलं असतं.

तरस काही दिवस ढाब्यावर एकटाच हसत बसला. मग त्यानंही एक जुनी मोटारसायकल घेतली आणि रांगेच्या मागे लागला. त्यालाही कुठेतरी आई होतीच.

तात्पर्य : मुलांनो, शिस्त कधीही मोडू नका. पुढचा करतो ते मुकाट्यानं करा आणि का केलं, असं विचारू नका. शिस्तीतल्या रांगेला कुठेही वळवता येतं. त्याला पुढारी लागत नाही, मागे तोंड करून बसलेलं आणि भूक लागलेलं कुणीतरी एक पुरतं.